तयार स्पायरल: मशीनला साडेचार, ऑफिसला अडीच

कळंबोलीचा लोखंड बाजार आणि तळोजा एमआयडीसी या पट्ट्यात सळई कापून, वाकवून, टॅग लावून साइटवर पोचवणारी यार्डं आहेत. त्यांतल्या एका यार्डाच्या तयार स्पायरलबद्दल हा अभिप्राय आहे. नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. नाव बदललं तरी हेच गुण आणि हेच दोष शेजारच्या गेटावर भेटू शकतात, त्यामुळे नावापेक्षा काय तपासायचं ते कळणं जास्त कामाचं. माल पाईलसाठीचा, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेल्या काँक्रीटच्या खांबासाठीचा: ६०० मिमी व्यासाची पाईल, १२ मीटरचं केज (सळ्यांचा पिंजरा), १६ मिमीच्या सहा उभ्या सळ्या आणि त्यांच्याभोवती स्प्रिंगसारखी फिरणारी ८ मिमीची स्पायरल, पिच (दोन वेढ्यांतलं अंतर) १५०. उलवे, द्रोणागिरी, घणसोली, इकडे ठाण्यात कोलशेत-बाळकुम, खाडीकाठच्या चिखलात मोठी इमारत उभी करायची तर असल्या पाईल शेकड्याने लागतात. स्पायरलमधली किलो-दीड किलोची चूक एका पाईलला कुणी विचारत नाही, शंभर पाईलला तिचे शंभर-दीडशे किलो होतात.

पाचपैकी गुण द्यायचे तर मशीनला साडेचार, ऑफिसला अडीच. वळणं सुरेख असतात, पण वजनाचा कागद तपासल्याशिवाय सही करू नये.

यार्ड देतं ते असं. एफई ५००डी प्रतीची ८ किंवा १० मिमी सळई थेट कॉइलवरून (सळईच्या गुंडाळीवरून) मशीनवर चढते आणि बंद स्प्रिंगसारखी गोल वळून बाहेर येते. चार ठिकाणी तारेने बांधलेली, वर टॅग. कॉइलचा मिल टेस्ट रिपोर्ट मागितला की मिळतो आणि कॉइलच्या टॅगवरचा हीट नंबर (ज्या वितळवणीतून सळई निघाली तिचा क्रमांक) त्याच्याशी जुळतो, तरीही हे दोन-तीनदा पडताळून पाहावं. वर सांगितलेल्या मापाच्या एका पाईलची स्प्रिंग साधारण ४६ किलो भरते, दोन माणसं सहज उचलतात. साइटवर ड्रमभोवती हाताने गुंडाळलेल्या स्पायरलपेक्षा हा माल उजवा असण्याचं खरं कारण गोलाई नव्हे, लॅप, म्हणजे सळईवर सळई चढवून केलेला जोड. फिटर १२ मीटरच्या सळ्या वापरतो, म्हणजे एका पाईलला दहा सळ्या आणि नऊ लॅप. प्रत्येक लॅपपाशी सळई दुहेरी होते, तिथे गोल जरा चपटा होतो आणि दोन टोकं बाहेर डोकावतात. कॉइलमधून आलेली स्प्रिंग एकसंध असते. कॉइल संपताना एखादा जोड येतो, एवढंच.

आता हिशेब. सूत्र शाळेतलंच आहे. स्पायरलचा एक वेढा उलगडून सरळ केला तर तो काटकोन त्रिकोणाचा कर्ण होतो. पाया म्हणजे परिघ, उंची म्हणजे पिच. परिघाचा वर्ग अधिक पिचचा वर्ग, त्याचं वर्गमूळ ही एका वेढ्याची लांबी. तिला वेढ्यांच्या संख्येने गुणायचं. वेढे म्हणजे उंची भागिले पिच. सगळी गोम परिघासाठी व्यास कुठला घ्यायचा यात आहे, आणि यार्डाचं ऑफिस नेमकं तिथे घसरतं.

पाईल ६०० ची. खाडीचं खारं पाणी म्हणून कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, ७५. दोन्ही बाजूंचं मिळून १५० वजा केलं की ४५० उरतात. हा स्पायरलचा बाहेरचा व्यास. सळईची लांबी मोजायची ती तिच्या मध्यरेषेवर, म्हणून त्यातून आणखी ८ वजा, म्हणजे ४४२. परिघ १३८८.६ मिमी. पिच १५० धरून एका वेढ्याची लांबी १३९६.७ मिमी. बारा मीटरला ८० वेढे, म्हणजे १११.७३ मीटर. वर आणि खाली दीड-दीड वेढा आडवा फिरवून टोक अडकवायचं, त्याचे तीन परिघ म्हणजे ४.१७ मीटर. एकूण ११५.९ मीटर. वजनासाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२. ८ मिमीला मीटरला ०.३९५ किलो. स्प्रिंग भरते ४५.८ किलो. हा १६२ आकडा आकाशातून पडलेला नाही: पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर धरली आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळाने गुणली की व्यासाच्या वर्गाखाली १६२.२ हा भाजक येतो.

पायथागोरसवरून साइटवर उगाच वाद होतात. इथे पिच अजिबात न धरता नुसता परिघ घेतला असता तरी वेढा १३८८.६ चा आला असता, फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पिच ३०० झाली तर तो सव्वादोन टक्क्यांवर जातो, पण ३०० पिचची स्पायरल केजला ताठपणा देत नाही, म्हणून कुणी घालत नाही. व्यास मात्र चुकीचा धरला तर फटका बसतो. ४४२ ऐवजी बाहेरचा ४५० धरला तर लांबी ११८ मीटर होते, पावणेदोन टक्के जास्त. नवशिक्यांची तर आणखी मोठी चूक होते. ते कव्हर एकाच बाजूचं वजा करतात आणि ५२५ व्यास धरतात. त्यात १९ टक्के माल वाढतो.

दुसरी नेहमीची चूक 'अधिक एक' ची. सुट्या रिंगा असतील तर १२ मीटरला १५० च्या अंतराने ८० नव्हे, ८१ लागतात, कुंपणाच्या खांबांसारखं. स्पायरल म्हणजे सलग रेघ, तिला अधिक एक लागत नाही. तिला टोकांचे दीड-दीड वेढे लागतात. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्यात गोल कॉलमच्या स्पायरलची टोकं दीड जादा वेढ्याने अडकवायला सांगितली आहेत, पाईललाही तीच पद्धत वापरतात. यार्डाच्या शीटमध्ये, म्हणजे लांबी-वजनाच्या तक्त्यात, हे तीन वेढे व्यवस्थित धरलेले असतात. श्रेय द्यायचं तिथे द्यायला हवं.

त्याच शीटमध्ये दोन गोष्टी मात्र खटकतात. पहिली, व्यासाच्या रकान्यात नुसतं 'व्यास' लिहिलेलं असतं. ड्रॉइंगवरचा ४५० तिथे भरला की शीट त्याला मध्यरेषेचा व्यास समजते. दुसरी, दर १२ मीटरला ५० पट व्यासाचा, म्हणजे ४०० मिमीचा लॅप आपोआप धरला जातो. शीट सरळ सळ्यांच्या काळातली आहे, माल कॉइलचा येतो, आणि जो लॅप प्रत्यक्षात नाही त्याचं वजन बिलात चढतं. दोन्ही चुका एकत्र झाल्या की ११ सळ्या, १० लॅप, १२२ मीटर आणि ४८.२ किलो असा आकडा निघतो. त्यावर ३ टक्के वेस्टेज लावलं की ४९.६. खरी गरज ४५.८ ची. शंभर स्प्रिंगांवर जवळपास ३८५ किलोचा फरक, आणि यात कुणी लबाडी केलीय असंही नाही. वेस्टेजबद्दल तर घासाघीस करायलाच हवी. सरळ सळईतून कापताना तुकडे उरतात हे मान्य, कॉइलमधून वळवताना उरतं ते शेवटचं टोक, आणि तेही पुढच्या कॉइलला लॅप करून वापरता येतं. तीन टक्के कशाचे, याचं समाधानकारक उत्तर काउंटरवर मिळत नाही.

पैशापेक्षा पहिल्या चुकीचा दुसरा परिणाम जास्त वाईट. मशीन शीटवरूनच चालतं. मध्यरेषा ४५० धरली की स्प्रिंगचा बाहेरचा व्यास ४५८ येतो. एका खेपेत नेमकं हेच आलं. टेपने आरपार मोजलं तर ४५८ ते ४६०. मशीनने सांगितलं तेवढंच वळवलं होतं, उलट सळई सुटल्यावर जी उसळी घेते तिचा अंदाज ऑपरेटरने अचूक बांधला होता. लोच्या असा की केजला आतून आधार देणाऱ्या १६ मिमीच्या कडक रिंगाही त्याच शीटवरून निघतात. त्यांचा हिशेब बाहेरून आत येतो: ४५० मधून स्पायरलचे दोन वेळा ८, उभ्या सळईचे दोन वेळा १६, उरले ४०२, तो रिंगेचा बाहेरचा व्यास, मध्यरेषा ३८६. स्पायरल ८ मिमी मोठी, तर रिंगही ८ मिमी मोठी. त्यामुळे केज जुळवताना सगळं एकमेकांत चपखल बसतं. फिटर खूश, मुकादम खूश. वाट लागते ती केज बोअरमध्ये (पाईलसाठी पाडलेल्या भोकात) सोडताना, कारण कव्हर राखणारे गोल ब्लॉक ७५ च्या हिशेबाने ओवलेले असतात आणि ६०० च्या भोकात आता ६०८ चं सामान घालायचं असतं. मग ब्लॉक फुटतात किंवा कुणीतरी हातोडीने फोडतो, आणि केज एका अंगाला टेकून खाली जातं. कव्हर एका बाजूला ७५ च्या जागी ६० सुद्धा उरत नाही, आणि हे खाडीच्या मातीत. वरून कुणाला काही दिसत नाही.

म्हणून ऑर्डर देताना 'बाहेरून बाहेर ४५०, मध्यरेषा ४४२' असं दोन्ही लिहून द्यावं, आणि टॅगवर तसंच छापून मागावं. टॅगवर सध्या नुसतं '४५०' असतं. एवढी एक ओळ त्यांनी टॅगवर वाढवली तर ऑफिसचे गुण अडीचचे साडेतीन करायला हरकत नाही.

पिचबद्दल यार्ड एक प्रश्न विचारतं जो खरं तर निरर्थक आहे: 'पिच किती ठेवू?' बंद स्प्रिंगला पिच नसतेच. ती साइटवर केजवर चढवून ओढताना तयार होते. यार्डाला कळायला हवेत ते वेढे आणि व्यास. वरच्या तीन मीटरमध्ये १०० पिच आणि खालच्या नऊ मीटरमध्ये १५० असं ड्रॉइंग असेल तर वर ३०, खाली ६०, टोकांचे ३, असे ९३ वेढे, लांबी १२९.७ मीटर, वजन ५१.२५ किलो. शीटच्या पिचच्या रकान्यात एकच आकडा बसतो, त्यामुळे ऑफिसातला मुलगा १५० टाकून ८३ वेढ्यांची स्प्रिंग काढतो. केज भरताना ती खालून सुरू केली की वर पोचेपर्यंत संपते, आणि मग फिटर शेवटच्या तीन मीटरात, जिथे जवळ-जवळ वेढे हवेत तिथेच, ओढून-ताणून लांब करतो. पाईलच्या माथ्याशी वाकवणारा जोर सगळ्यात जास्त असतो, आणि नेमकी तिथेच स्पायरल विरळ होते. अशा पाईलला वेढ्यांची संख्याच लेखी द्यावी आणि पिचचा रकाना खोडून टाकावा.

अजून एक बारीक गोष्ट, जी यार्डातल्या जुन्या ऑपरेटरला ठाऊक आहे आणि ऑफिसला नाही. बंद स्प्रिंगमध्ये एक वेढा जवळपास नुसत्या परिघाएवढा असतो, १३८८.६. ओढल्यावर लागतो १३९६.७. वेढ्यामागे आठ मिलिमीटर, ऐंशी वेढ्यांवर साठ-पासष्ट सेंटीमीटर, म्हणजे जवळपास अर्धा वेढा कमी. म्हणून ८३ ऐवजी साडेत्र्याऐंशी वेढे मागायचे. नाही मागितले तर वरचा दीड वेढ्याचा आडवा फास एकाच वेढ्यावर येतो.

वजन कसं लावणार, हे दरापेक्षाही आधी ठरवायचं. यार्ड दोन पर्याय देतं: शीटवरचं वजन किंवा काट्यावरचं. काही न बोललात तर शीट लागते. सळई मिलमधून तंतोतंत ८ मिमीची निघत नाही. सळयांचं मानक आयएस १७८६, त्याप्रमाणे १० मिमीपर्यंतच्या सळईच्या खेपेच्या वजनात ७ टक्के कमी-जास्त चालतं, कॉइलमधल्या सुट्या नमुन्यात ८ टक्के. म्हणजे मीटरभर तुकडा ३६३ ते ४२७ ग्रॅम यांत कुठेही बसला तरी तो नियमात आहे. बाजारात याला रोलिंग मार्जिन म्हणतात. माल ५ टक्के हलका असेल आणि बिल शीटने लागलं, तर शंभर स्प्रिंगांचे ४५७९ किलो मोजून पैसे द्यायचे आणि हातात यायचे ४३५०. काट्याने घेतलं तर हा प्रश्न मिटतो, वर हलक्या सळईत टनाला लांबी जास्त मिळते: कोष्टकाने (सूत्राच्या वजनाने) टनाला सुमारे २५३० मीटर, ५ टक्के हलक्या मालात २६६० च्या घरात. पण ती लांबी म्हणजे पातळ सळई आहे हे विसरू नये. ४ टक्के हलका माल नियमात असला तरी स्पायरलचं क्षेत्रफळही ४ टक्के कमीच असतं. ज्यांना मालकाकडून कोष्टकाच्या वजनाने बिल मिळतं आणि जे स्वतः काट्याने खरेदी करतात, त्यांना हलका माल आवडतो. डिझायनरला तो आवडायचं काही कारण नाही.

काट्याचीही एक गंमत. मोठ्या वजनकाट्याचा टप्पा, म्हणजे तो दाखवतो तो लहानात लहान फरक, ५ किंवा १० किलोचा असतो. पाच-सहा टन मालाला त्याने काही बिघडत नाही. दहा स्प्रिंगांचा ४६० किलोचा छोटा माल त्याच काट्यावर चढवला तर एकट्या टप्प्याचा फरक दोन टक्क्यांपर्यंत जातो, त्यात रिकामी गाडी तोलताना क्लीनर खाली होता की वर बसला होता हा वेगळा विषय. छोटी ऑर्डर असेल तर स्प्रिंगा टांगत्या डिजिटल काट्यावर सुट्या तोलून घ्याव्यात. यार्डात असा काटा आहे, मागितल्याशिवाय काढत नाहीत.

माल साइटवर उतरला की गेटवर दहा मिनिटांचं काम आहे. प्रत्येक प्रकारातल्या एका स्प्रिंगच्या तारा सोडून तिच्यावर खडूने वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढा आणि रेघेचे ठिपके मोजा, तेवढे वेढे. बंद स्प्रिंगची उंची मोजून तिला आठने भागायचा शॉर्टकट चालत नाही, कारण बरगड्यांसकट सळई आठपेक्षा जाड भरते आणि वेढ्यांमध्ये फटीही राहतात. त्या भागाकाराने कायम जास्त वेढे दिसतात. व्यास दोन काटकोनी दिशांनी, बाहेरून बाहेर मोजा. दोन्हींत १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गाडीत वरचा माल खालच्यावर बसलाय किंवा हायड्राने (फिरत्या क्रेनने) एकाच वेढ्यात हूक घालून उचललंय. अशी अंडाकृती स्प्रिंग केजवर चढवता येते, पण एका अंगाला उभ्या सळईला चिकटते आणि दुसऱ्या अंगाला सुटी राहते. शेवटी टोकाकडचा बरोबर एक मीटर तुकडा, दोन्ही टोकं सरळ कापून, किराणा दुकानात असतो तसल्या एक ग्रॅमच्या काट्यावर ठेवा. ३९५ च्या आसपास हवा. तुकडा कापताना बरगड्याही पाहून घ्या. मशीनचे रोलर फार आवळले तर आतल्या बाजूच्या बरगड्या घासून चकचकीत होतात. या यार्डाच्या मालात ते क्वचित दिसलं.

पावसाळ्यातल्या खेपांवर लाल पावडरीसारखा गंज असतो. तो फडक्याने निघतो, त्याची काळजी नको. खपल्या सुटत असतील तर माल परत. खाडीच्या हवेत बंद स्प्रिंगा जमिनीवर ठेवल्या तर खालच्या चार-पाच वेढ्यांत पाणी धरून राहतं आणि तिथेच आधी खपल्या धरतात, म्हणून ओंडक्यांवर आडव्या ठेवाव्यात, उभ्या नाहीत.

कडक रिंगांबद्दल थोडं. केजला दर दीड मीटरला १६ मिमीची एक, म्हणजे १२ मीटरला नऊ. इथे मात्र अधिक एक लागतो. मध्यरेषा ३८६ धरून परिघ १.२१ मीटर, वेल्डसाठी १६० मिमी चढाव, एकूण १.३७ मीटर, प्रत्येकी २.१७ किलो, नऊ मिळून साडेएकोणीस. यार्ड रिंगा वाकवून देतं, वेल्ड साइटवर करायचं. वाकवणं चांगलं आहे, टोकं एकमेकांवर नीट बसतात. स्पायरल उभ्या सळईला मात्र तारेनेच बांधावी. घाईत टॅक वेल्ड मारणारे उभ्या सळईत खाच पाडतात आणि टीएमटीचा बाहेरचा कडक थर तेवढ्या जागी भाजून मऊ करतात.

हेच यार्ड गोल कॉलमच्याही स्पायरल देतं. तिथे आणखी सावध राहायला हवं, कारण कॉलममध्ये स्पायरल नुसती बांधणी नसते. आयएस ४५६ नीट बांधलेल्या स्पायरलसाठी कॉलमची ताकद ५ टक्के जास्त धरू देतं, पण त्यासाठी स्पायरलचं आकारमान गाभ्याच्या (स्पायरलने वेढलेल्या काँक्रीटच्या) आकारमानाच्या ठरावीक पटीत हवं. ऑफिसला फोनवर ५०० चा कॉलम सांगितला की ते '८ मिमी, ७५ पिच' म्हणतात. कोडात ७५ ही वरची मर्यादा आहे खरी, शिवाय पिच गाभ्याच्या व्यासाच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त नको. पुढच्या हिशेबातल्या ४१० च्या गाभ्याला तो ६८ येतो, म्हणजे ७५ मर्यादेतही बसत नाही. आणि मर्यादेत बसलं म्हणजे पुरेसं झालं असंही नाही. समुद्रकाठचं काम, एम ३० काँक्रीट, कव्हर ४५ धरू. गाभा ४१० व्यासाचा. पूर्ण क्षेत्रफळ भागिले गाभ्याचं क्षेत्रफळ १.४८७, त्यातून एक वजा, गुणिले ०.३६, गुणिले ३० भागिले ४१५ (काँक्रीटची ताकद भागिले सळईची). स्पायरलची सळई एफई ५०० असली तरी या सूत्रात ४१५ च्या वर घेता येत नाही. उत्तर ०.०१२७. ८ मिमी सळईने हे गाठायला पिच ३७ मिमीवर आणावी लागते. ३७ पिच म्हणजे दोन वेढ्यांत २९ मिमीची फट, त्यातून २० मिमी खडी बाहेर कव्हरमध्ये जाणार कशी? १० मिमी सळई घेतली तर पिच ५८ पर्यंत चालते, ५५ ठेवावी. तीन मीटर उंचीला साडेचौपन्न वेढे आणि टोकांचे तीन, ७२.४ मीटर, ४४.७ किलो. यार्डाने फोनवर सांगितलेल्या ८ मिमी, ७५ पिचच्या स्पायरलचं वजन २१-२२ किलो, निम्म्याहून कमी. कोटेशन स्वस्त दिसतं ते यामुळे. डिझाइन तपासणं हे यार्डाचं काम नाही हे खरं, पण मग फोनवर पिच सुचवणंही त्यांचं काम नाही.

पोचवण्याबद्दल तक्रार नाही. पाईलच्या स्प्रिंगा बंद असल्याने गाडीत जागा कमी खातात, पूर्ण केजसारखा लांब ट्रेलर लागत नाही, अरुंद गल्लीतल्या साइटला तर हाच मोठा फायदा. नवी मुंबईतल्या नवी मुंबईत माल सांगितल्या दिवशी येतो. ठाण्याला, विशेषतः घोडबंदरकडे, शिळफाटा आणि मुंब्रा बायपास ओलांडून यायचं आणि अवजड गाड्यांच्या वेळा पाळायच्या म्हणजे गाडी रात्री उशिराच लागते. उतरवायला रात्री माणसं ठेवा आणि मोजणी सकाळी करा, पण पावतीवर 'मोजून घ्यायचं बाकी' असं लिहूनच सही करा. ड्रायव्हर त्याला नकार देत नाही. फरक निघाला तर तीन दिवसांत कळवायचं असतं, आणि वेढे कमी निघालेल्या स्प्रिंगा त्यांनी कटकट न करता बदलून दिल्या. व्यास चुकलेल्या बदलायला मात्र 'शीटवर तुमची सही आहे' असं उत्तर आलं.